जमीन कोणी विकली?

‘अर्थ माझाच आहे, एआयने फक्त भाषा नीट केली.’ गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, की त्याला सविस्तर उत्तर देणं आता मला माझं काम वाटतं. हस्तलिखित पाठवणारे लेखक हे म्हणतात, अर्ज लिहिणारे नातेवाईक म्हणतात, अहवाल लिहिणारे अधिकारी म्हणतात. अलीकडे संपादनाच्या कामातले माझे सहकारीही म्हणू लागले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : विचार करणं हे माणसाचं काम. तो विचार स्वच्छ वाक्यात बसवणं, सूर जरा मऊ किंवा जरा औपचारिक करणं, ही नुसती हमाली. ती यंत्राने केली तर बिघडलं कुठे?

मी बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करून पोट भरतो आहे. या कामात हमालीचा भाग आहेच. ऱ्हस्व-दीर्घ पाहणं, सुटलेला अनुस्वार देणं, एकच शब्द तीनदा आला असेल तर दोनदा काढणं, हे सगळं यंत्राने खुशाल करावं. पण वाक्य ‘स्पष्ट करणं’ आणि त्याचा ‘सूर बदलणं’ ही त्या जातीची कामं नव्हेत. वाक्य जिथे धूसर असतं तिथे बहुतेक वेळा लिहिणाऱ्याने काहीतरी ठरवायचं टाळलेलं असतं. ते ठरवणं म्हणजेच लिहिणं. ‘एवढं स्पष्ट करून दे’ म्हणून वाक्य यंत्रापुढे टाकलं, की लिहिणाऱ्याचा तो निर्णय एकतर यंत्र घेतं, नाहीतर टाळाटाळीवर इस्त्री फिरवून ती परत करतं. दोन्हीकडे लिहिणाऱ्याची सुटका होते आणि वाचणारा फसतो.

उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांचं आत्मकथन माझ्याकडे आलं. दोनशेपानी वह्या, निळी शाई, सुरेख अक्षर. तिसऱ्या वहीत एक वाक्य होतं : ‘वडील गेल्यावर जमीन विकली गेली.’ व्याकरणात खोट नाही, समजायला अवघड नाही. त्याच्या पुढच्या ओळीपासून नोकरीची हकिगत सुरू होत होती. मी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : ‘कोणी विकली?’ वह्या परत गेल्या. आठवड्याने गुरुजींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, ‘तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी विकली. धाकट्याला विचारलं नव्हतं.’ पुढच्या खेपेला त्या एका ओळीच्या जागी साडेतीन पानं आली. त्या पुस्तकात गुरुजींनी स्वतःकडे सरळ पाहिलं असेल, तर ते त्या साडेतीन पानांत.

परवा मी तेच मूळ वाक्य एआयला दिलं आणि अधिक स्पष्ट, अधिक प्रगल्भ करून मागितलं. उत्तर आलं : ‘वडिलांच्या निधनानंतर कुटुंबाच्या मालकीच्या जमिनीची विक्री करण्यात आली.’ पहिल्या नजरेला वाक्य भारदस्त दिसतं. शब्दाशब्दाने पाहू. ‘गेल्यावर’चं ‘निधनानंतर’ झालं, म्हणजे मुलाचं बोलणं वर्तमानपत्राच्या बातमीत गेलं. ‘विकली गेली’चं ‘विक्री करण्यात आली’ झालं, म्हणजे कर्ता आधी लपलेला होता तो आता कुलूपबंद झाला. आणि ‘कुटुंबाच्या मालकीच्या’ हे शब्द आले कुठून? गुरुजींनी ते लिहिलेच नव्हते. जमीन सगळ्या कुटुंबाची की नुसती वडिलांच्या नावावरची, यावरूनच तर दोघा भावांचं पुढे बिनसलं. ज्या प्रश्नावर एक घर दुभंगलं, त्याचा निकाल यंत्राने एका विशेषणात देऊन टाकला. कोणाला काही विचारलं नाही, आणि आपण निकाल दिला हे सांगितलंही नाही.

इथे मराठीची एक खूण सांगण्यासारखी आहे. ‘मी जमीन विकली’ या वाक्यात क्रियापद जमिनीप्रमाणे चालतं. शेत असेल तर ‘विकलं’, वाडा असेल तर ‘विकला’. पण क्रियापदाने कर्माचा हात धरला तरी ‘मी’ जागचा हलत नाही. करणारा वाक्याच्या तोंडाशी उभाच असतो. ‘विकण्यात आली’ ही धाटणी कचेऱ्यांतून आणि बातम्यांतून आपल्या अंगवळणी पडली. तिच्यात करणाऱ्याला उभं राहायला जागाच नाही. म्हणूनच परिपत्रकांना ती सोयीची आणि आत्मकथनाला घातक. एआयकडे ‘औपचारिक मराठी’ मागितली की बहुतेक वेळा हीच धाटणी पुढ्यात येते.

याचं कारण यंत्राच्या घडणीत आहे. ही भाषिक प्रारूपं प्रचंड मजकुरावर शिकवली जातात, आणि आतापर्यंतच्या शब्दांनंतर कोणता तुकडा येणं जास्त संभवनीय, हे ती पायरीपायरीने ठरवत जातात. नंतर माणसांकडून उत्तरांची तुलना करून घेतात आणि लोकांना आवडणाऱ्या उत्तरांकडे त्यांना वळवतात. म्हणजे दोन्ही टप्प्यांवर ओढ रुळलेल्या वाटेकडे आणि कोणाला न खुपणाऱ्या सुराकडे. शिवाय या मजकुरात इंग्रजीचा वाटा अवाढव्य. 2011 च्या जनगणनेप्रमाणे 8 कोटी 30 लाख लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीचा वाटा त्यापुढे चिमूटभर. त्यामुळे यंत्र ज्याला ‘स्पष्ट’ म्हणतं ते पुष्कळदा फक्त ‘नेहमीचं’ असतं. नेहमीचं वाक्य वाचताना अडखळायला होत नाही हे खरं. पण न अडखळता वाचून झालं म्हणजे समजलं, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता समोरच्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेतो. ते म्हणतात, ‘संपादक तरी वेगळं काय करतो? तोही दुसऱ्याची वाक्यं बदलतोच.’ बदलतो. पण कसा बदलतो ते पाहा. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीनशे वर्षांत पाठभेद शिरले होते. संत एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध पाठ सिद्ध केला. स्वतः एवढे समर्थ कवी असूनही त्यांनी आपलं काम शोधनाचं मानलं, आणि यापुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या यात घालू नयेत असं बजावून ठेवलं. पुढे 1909 मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून एक वेगळी प्रत छापली, आणि मूळ पाठ कोणता यावर अभ्यासकांत वाद झाला. तो वाद आजही घालता येतो, कारण हात कोणी लावला, कधी लावला आणि कशासाठी लावला हे आपल्याला माहीत आहे. संपादनाला नाव असतं, तारीख असते, भूमिका असते. यंत्राकडून आलेल्या वाक्यात यातलं काहीच उरत नाही. मूळ वाक्य पुसलं जातं, नवं त्याच्या जागी बसतं, आणि चार दिवसांनी लिहिणाऱ्यालाही आठवत नाही की यातला कोणता शब्द आपला.

याहून अलीकडचा दाखला हवा असेल तर ‘सत्यकथा’ आणि ‘मौज’च्या श्री. पु. भागवतांचा घ्या. त्यांचं नाव मराठीत आदराने घेतलं जातं ते लेखकांशी केलेल्या दीर्घ पत्रव्यवहारासाठी. कथा कुठे सैल पडली, कुठे खोटी वाटते, हे ते लेखकाला कळवत आणि पुन्हा लिहायला लावत. लेखणी लेखकाच्या हातातून काढून घेण्याची त्यांची रीत नव्हती. ‘संपादकही हेच करतो’ म्हणणाऱ्यांनी हा फरक नीट पाहावा. चांगला संपादक काम वाढवून ठेवतो. गुरुजींना माझ्या दोन शब्दांनी साडेतीन पानांचं काम लागलं. यंत्र काम संपवून देतं, आणि नेमकं तेच काम संपायला नको होतं.

सुराचा प्रश्न याहून नाजूक आहे. माझी मावसबहीण एका दुष्काळी तालुक्यातल्या गावात राहते. उन्हाळ्यात तिने पाण्यासाठी अर्ज लिहिला. तिचं वाक्य असं होतं : ‘नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेही पहाटे तीनला, अर्धा तास. सरपंचांना तीनदा सांगितलं. आमच्या आळीत तीन म्हाताऱ्या एकट्या राहतात, त्या हंडे घेऊन अंधारात उभ्या असतात.’ तिच्या मुलाने ते मोबाइलवर टाकून ‘सभ्य भाषेत’ करून घेतलं. झालं असं : ‘आमच्या परिसरातील पाणीपुरवठ्यामध्ये काही अनियमितता आढळून येत असून त्यामुळे नागरिकांना गैरसोयीचा सामना करावा लागत आहे. तरी आपण या बाबीकडे सकारात्मकतेने लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.’

पोराचा हेतू चांगला होता. आईचं हसं होऊ नये एवढंच त्याच्या मनात होतं. पण अर्जातून काय गेलं ते मोजा. चार दिवस गेले, पहाटेचे तीन गेले, अर्धा तास गेला, तीनदा सांगितल्याची नोंद गेली, तीन म्हाताऱ्या गेल्या. उरली ‘अनियमितता’. या दुसऱ्या अर्जाला ‘नोंद घेण्यात आली आहे’ असं उत्तर देऊन कोणताही कारकून मोकळा होऊ शकतो. पहिल्या अर्जाला तसं उत्तर देता येत नाही, कारण त्यातला प्रत्येक आकडा तपासता येतो आणि ‘तीनदा सांगितलं’ याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. माहिती अधिकाराचे अर्ज लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांना हे पक्कं ठाऊक आहे. 2005 च्या त्या कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे. पण मोघम विचारलं की मुदतीत मोघमच उत्तर येतं. नेमकेपणा हेच साध्या माणसाचं हत्यार असतं. सभ्य करण्याच्या नावाखाली यंत्राने ते बोथट केलं.

आणि मूळ अर्जात असभ्य काय होतं? एकही वावगा शब्द नव्हता. सरपंचांना तिने ‘सरपंचांना’ असंच म्हटलं होतं, आदरार्थी. राग होता तो मजकुरात होता आणि तो रास्त होता. सरकारशी आपल्या भाषेत बोलता यावं म्हणून आपण ‘महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964’ केला. त्यानंतर कार्यालयीन मराठी बोजड झाली, सामान्य माणसाला कळेनाशी झाली, अशी तक्रार आपण कित्येक वर्षं करत आलो. ती तक्रार करणाऱ्यांच्या मुलांनी आता घराघरांतल्या अर्जांना तोच बोजडपणा आपल्या हाताने चढवायचा? यात प्रगती आहे असं मला कोणी पटवून द्यावं.

घरातल्या पत्राची गत आणखी वाईट होते. मराठीत आर्जव ‘कृपया’त नसतं. ते ‘येशील ना’मधल्या ‘ना’त असतं, ‘कळवा हं’मधल्या ‘हं’मध्ये असतं, ‘यावं’ आणि ‘या’ यांतल्या अंतरात असतं. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतलं एक निवडताना आपण नातं मोजत असतो. ‘मामा, जमलं तर रविवारी या, आई वाट बघते’ हे ‘कृपया रविवारी येण्याचा प्रयत्न करावा, ही विनंती’ असं झालं, तर मामा येतील, पण काहीतरी बिनसलंय का असं मनात विचारत येतील. सूर म्हणजे वाक्यावर वरून शिंपडायचं अत्तर नव्हे. कोण कोणाशी बोलतो आहे आणि त्यांच्यात आजवर काय घडलं आहे, यातून तो येतो. मामांनी आईच्या आजारपणात काय केलं, हे भाच्याला माहीत आहे. यंत्राला कोणी सांगितलेलं नाही.

आता समतेचा मुद्दा. तो मी मनापासून गंभीरपणे घेतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलीला नोकरीचा अर्ज इंग्रजीत करायचा आहे. तिची गुणवत्ता तिच्या इंग्रजीच्या चुकांमागे झाकली जाऊ नये म्हणून तिने एआयची मदत घेतली, तर तिला नावं ठेवायचा अधिकार कोणालाही नाही. ज्यांना लहानपणापासून घरातच इंग्रजी मिळालं त्यांना तर मुळीच नाही. परक्या भाषेचं कुंपण ओलांडायला मिळेल ती शिडी घ्यावी. पण शिडी कुठे टेकवली आहे हे पाहून चढावं. 2025 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी भारत आणि अमेरिकेतल्या 118 जणांचं लेखन तपासलं. काहींना इंग्रजीत लिहिताना एआयच्या सूचना मिळत होत्या, काहींना नाही. सूचनांसह लिहिलेलं भारतीयांचं लेखन अमेरिकी लेखनाकडे झुकलं. आवडत्या पदार्थाबद्दल लिहायला लागलं की पिझ्झा पुढे येई, सणाबद्दल लिहायला लागलं की ख्रिसमस. त्या सूचना नाकारण्याचे आणि दुरुस्त करण्याचे कष्ट भारतीयांनाच जास्त पडले. म्हणजे ज्याला मदतीची गरज जास्त, त्याचंच स्वतःचं जास्त पुसलं जाण्याचा धोका. म्हणून माझं त्या मुलीला सांगणं आहे : इंग्रजीच्या चुका काढून घे, पण ‘बचत गटाचे हिशेब मी दोन वर्षं सांभाळले’ हे वाक्य ‘आर्थिक व्यवस्थापनाचा समृद्ध अनुभव’ होऊ देऊ नकोस. पहिलं वाक्य फक्त तुझं आहे. दुसरं त्या ढिगातल्या प्रत्येक अर्जात सापडेल.

कोणी म्हणेल, नव्या साधनांना प्रत्येक पिढी अशीच नाकं मुरडते. टंकयंत्राला मुरडली, संगणकाला मुरडली. माझा वाद साधनाशी नाही. शब्दतपासनीस शब्दाखाली लाल रेघ ओढतो आणि थांबतो. पुढे काय करायचं ते लिहिणारा ठरवतो. शब्दकोश चार प्रतिशब्द समोर ठेवतो, निवड तुमची. 1831 चा मोल्सवर्थचा कोश आजही माझ्या टेबलावर असतो. ही सगळी साधनं निर्णयाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडतात. आयतं वाक्य लिहून देणारं साधन उंबरठा ओलांडून आत जातं. 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं, तेव्हापासून हे आत जाणं इतकं सहज झालं आहे, की दार आपलं होतं याचाच विसर पडत चालला आहे.

तरीही हेच यंत्र उंबरठ्यावर थांबवता येतं. मी स्वतः ते तसं वापरून पाहिलं. गुरुजींचं तेच वाक्य दिलं आणि या वेळी सांगितलं : वाक्य बदलू नकोस, वाचणाऱ्याला इथे काय कळत नाही, तेवढे प्रश्न विचार. तीन प्रश्न आले. पहिला होता : ‘जमीन कोणी विकली?’ दुसरा, विकण्याचं कारण काय. तिसरा, घरातल्या इतरांना ते मान्य होतं का. तिन्ही प्रश्न बरोबर होते. एका बाजूला कुलूपबंद वाक्य, दुसऱ्या बाजूला हे प्रश्न, आणि यंत्र तेच. फरक पडला तो मी काय मागितलं यात.

म्हणून माझी मागणी लहान आहे आणि ती मी माझ्या सहकाऱ्यांपासून सुरू करतो. यंत्राकडून वाक्य मागू नका, प्रश्न मागा. कुठे अडखळायला होतं ते विचारा आणि पुन्हा स्वतः लिहा, मग ते वाक्य थोडं ओबडधोबड झालं तरी चालेल. शिक्षकांनी निबंध तपासताना गुळगुळीत परिच्छेदाऐवजी अशा खरबरीत जागेला गुण द्यावेत. कचेऱ्यांनी ‘सकारात्मकतेने लक्ष द्यावे’ लिहिलेल्या अर्जापेक्षा ‘पहाटे तीनला, अर्धा तास’ लिहिलेला अर्ज आधी हातात घ्यावा, म्हणजे लोकांना सभ्यतेच्या नावाखाली आपलं म्हणणं पातळ करावं लागणार नाही. आणि ज्यांना मदतीशिवाय लिहिताच येत नाही त्यांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत लिहून देणारी माणसं आपण व्हावं. गावोगावी पोस्टाच्या बाहेर बसून पत्रं लिहून देणारे हेच करत होते. सांगणाऱ्याने सांगितलेलं ते आधी वाचून दाखवत आणि मगच पाकीट बंद करत.

मावसबहिणीचा अर्ज आम्ही पुन्हा लिहिला. म्हणजे तिने लिहिला. मी फोनवर एवढंच विचारलं, ‘सरपंचांना तीनदा सांगितलंस, ते कधी कधी?’ तिने कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं आणि तिन्ही तारखा सांगितल्या. दुधाच्या हिशेबाशेजारी तिने त्या लिहूनच ठेवल्या होत्या. त्या अर्जात गेल्या. ‘अनियमितता’ हा शब्द तिने स्वतःच खोडला. म्हणाली, ‘असं आमच्याकडे कुणी बोलत नाही.’

गुरुजींचं पुस्तक छापलं गेलं तेव्हा त्यातलं ते वाक्य असं होतं : ‘वडील गेल्यावर मी जमीन विकली.’ मूळच्या वाक्याहून शब्द एकही वाढला नाही. ‘गेली’ गेलं आणि ‘मी’ आलं. त्या एका अक्षरासाठी त्यांना आठ दिवस लागले होते. तो वेळ वाचवायला हवा होता असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी माझा वाद आहे आणि तो मी घालत राहणार.